आठव्या नळीतला गढूळपणा

आठव्या नळीतून काळ्या रेघा दिसत नव्हत्या.

पांढऱ्या कार्डावर एकाखाली एक अशा पाच काळ्या रेघा छापलेल्या असतात. काचेची नळी त्या कार्डासमोर धरायची आणि आतल्या द्रवातून रेघा किती ठळक दिसतात ते बघायचं, एवढंच काम. द्रव नितळ असला की रेघा छापल्या तशाच दिसतात. जंतू वाढले की त्या आधी पुसट होतात, मग कडेने विरतात आणि शेवटी नाहीशा होतात. तिने नळी बोटांत हलकेच फिरवली, खिडकीकडे वळून उजेडात धरली, पुन्हा कार्डासमोर आणली. पाचपैकी एकही रेघ नाही. नळीत साबणाचं पाणी भरलंय असं वाटावं इतका पांढुरका, दाट गढूळपणा.

तिने नळी स्टँडमध्ये ठेवली आणि दोन्ही तळवे टेबलावर टेकले.  बावीस वर्षांच्या नोकरीत तिने असा निकाल कधी पाहिला नव्हता.

रुग्णालयाच्या त्या लॅबमध्ये तिला सगळे मोजपट्टी म्हणत. नाव कुणी ठेवलं हे आता कुणाला आठवत नव्हतं, पण ते तिला इतकं चपखल बसलं होतं की फोनवरसुद्धा वॉर्डातल्या नर्स "मोजपट्टीबाई आहेत का?" असं बिनदिक्कत विचारत. इतर जण जंतूंचा द्रव डोळ्यांच्या अंदाजाने करत. ती यंत्रावर मोजून करायची, आकडा एका घराने चुकला तर ओतून देऊन पुन्हा करायची. तिच्या सहीच्या रिपोर्टवर डॉक्टर दुसऱ्यांदा नजर टाकत नसत. त्याचा तिला मनातल्या मनात अभिमान होता. तो ती बोलून दाखवत नसे, पण पुसटसासुद्धा कमी होऊ देत नसे.

काल दुपारी तिने दोन स्टँड लावले होते. दोन्हींत आठ-आठ नळ्या. दोन्हींत तेच औषध: पहिल्या नळीत अगदी नखभर, पुढच्या प्रत्येक नळीत आधीच्या दुप्पट, म्हणजे आठवीत पहिलीच्या एकशेअठ्ठावीसपट. दोन्हींत तेच जंतू, एकाच माणसाच्या गुडघ्यातून आलेले. फरक फक्त संख्येचा. पहिल्या स्टँडमध्ये नियमाप्रमाणे दर मिलिलिटरला पाच लाख. दुसऱ्या स्टँडमध्ये पाच कोटी.

पहिल्या स्टँडमध्ये दुसऱ्याच नळीपासून पुढे सगळं नितळ होतं. रेघा खणखणीत. म्हणजे औषध उत्तम लागू. अकरा दिवसांपूर्वी तिने हेच लिहिलं होतं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

दुसऱ्या स्टँडमध्ये पहिलीपासून आठवीपर्यंत एकाही नळीतून एकही रेघ दिसत नव्हती.

पाच कोटी जंतू म्हणजे द्रव मुळातच जरा धूसर असणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तशीच एक नळी तिने काल फ्रिजमध्ये ठेवली होती. ती आणून तिने शेजारी धरली. त्यातून पाचही रेघा दिसत होत्या, पुसट पण मोजता येण्यासारख्या. म्हणजे बाकीच्या नळ्यांतला गढूळपणा कालचा नव्हता. रात्रभरात जंतू एकशेअठ्ठावीसपट औषधात बसून आरामात वाढले होते.

आणि गुडघा तिच्या सख्ख्या भावाचा होता.

"मोजपट्टीबाई, चेहरा असा का पडलाय? कुणाचा खून-बिन केलात की काय?" दारातून आवाज आला. जंतूंना वाढायला लागणारी जेली शिजवून काचेच्या बशांत ओतणारा माणूस. त्याला सगळे आचारी म्हणत. रोजच्यासारखा बशांचा ट्रे घेऊन तो हसत उभा होता.

तिने स्टँडकडे बोट दाखवलं. आचाऱ्याने ट्रे खाली ठेवला, स्टँडकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. बशा ओतता ओतता त्यालाही नळ्या वाचता यायला लागल्या होत्या.

"माझ्या जेलीत काही घाण गेली का?" त्याने हळूच विचारलं.

"जेली नाही, हे पातळ द्रावण आहे. आणि जंतू न घालता ठेवलेली नळी स्वच्छ आहे."

"मग?"

"मॅडमना बोलाव."

मॅडम येईपर्यंत तिने आठव्या नळीतला एक थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दुसरेच कुठले जंतू शिरले असते तर तिला बरं वाटलं असतं. चूक तिची ठरली असती, पण एका रात्रीत निस्तरता आली असती. भिंगाखाली जांभळे गोल ठिपके होते, घोसाघोसाने चिकटलेले. तेच. फक्त तेच.

लॅबच्या प्रमुख मॅडम निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, बोलायला कडक आणि पायात नेहमी कापडी सपाता. त्या आल्या, आधी खुर्ची ओढून बसल्या, मग चष्मा लावला. त्यांनी सोळाही नळ्या एकेक करून पाहिल्या. मग काचपट्टी पाहिली. मग पुन्हा दुसऱ्या स्टँडमधली आठवी नळी हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"पाच कोटी का घातलेस?" त्यांनी विचारलं.

"परवा गुडघ्यातून पू पुन्हा काढला. काचपट्टीवर पाहिला तर जंतू चार अधिक, सगळ्यात वरची पायरी. औषध चालू होऊन दहा दिवस झालेत मॅडम, आणि तरी चार अधिक. म्हणून मी पू पातळ करत करत जंतू मोजले. एका मिलिलिटरला वीस कोटी भरले."

मॅडमनी नळी खाली ठेवली. "वीस कोटी."

"एका चमच्यात शंभर कोटी."

"आणि आपण टेस्ट पाच लाखांवर करतो."

"चारशेपट कमी."

आचारी दारातच उभा होता. त्याला राहवलं नाही. "पण मॅडम, औषध तेच, जंतू तेच. जंतू जास्त झाले म्हणून औषधाचा जोर कसा संपेल?"

"हा जंतू औषध तोडणारा रस सोडतो," मॅडम त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "एकेकटा सोडतो तेव्हा थेंबभर. औषधाला कळतही नाही, ते त्याला मारून मोकळं होतं. पण कोट्यवधी एकाच जागी जमून सोडायला लागले की औषध त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच तुकडे तुकडे." त्या थांबल्या. "हे मी पुस्तकात वाचलंय. परीक्षेत लिहिलंयसुद्धा. डोळ्यांनी आज बघतेय."

मोजपट्टी भिंतीजवळच्या कपाटाकडे गेली आणि अकरा दिवसांपूर्वीच्या रिपोर्टची प्रत काढली. सही तिची. सगळ्यात वर, बारीक अक्षरांत: पट्टीवर जंतू, चार अधिक. सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: औषध लागू. मध्ये अकरा ओळी. वरच्या ओळीवर खालच्या ओळीचा आणि खालच्या ओळीवर वरच्या ओळीचा काहीएक परिणाम न होता दोन्ही ओळी एकाच कागदावर नांदत होत्या. बावीस वर्षं ती दोन्ही ओळी भरत आली होती. वरची ओळ भरताना भिंगाखाली घोसच्या घोस पाहायचे, मग त्यातलेच जंतू वाढवून, मोजून, पातळ करून बरोबर पाच लाखांवर आणायचे, आणि खालची ओळ लिहायची. जितकी काटेकोर ती, तितकी खालची ओळ वरच्या ओळीपासून लांब.

"मी अगदी बरोबर मोजलं होतं," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

"ते मला माहीत आहे."

"तुम्हाला कळतंय का मॅडम? मी चुकले असते, डोळ्यांच्या अंदाजाने भरमसाठ जंतू घातले असते, तर कदाचित तेव्हाच..."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांची नजर कपाटावर होती, जिथे मागच्या पाच-सहा वर्षांच्या फायली पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मोजपट्टीने पहिल्यांदाच पाहिला. त्या फायलींत असे आणखी किती रिपोर्ट असतील, हा विचार दोघींच्याही मनात एकदमच आला असावा.

शेवटी मॅडम उठल्या. "हाडांच्या डॉक्टरांना मी फोन करते. भावाला कोण सांगणार? मी येऊ?"

"नको. शब्द मी दिला होता. मीच सांगते."

*

शब्द तिने खरंच दिला होता. तिच्या दादाने एकोणीस वर्षं शहर बस चालवली होती. अपघातात गुडघ्याचा चुरा झाला, मागच्या वर्षी धातूचा सांधा बसवला, आणि सहाव्या महिन्यात दादा पुन्हा स्टिअरिंगवर बसला. त्या दिवशी त्याने भोंगा वाजवत बस तिच्या लॅबच्या फाटकापर्यंत आणली होती. प्रवाशांनी आरडाओरडा केला, तेव्हा "माझ्या बहिणीला पाय दाखवायचाय, दोन मिनिटं दम धरा," असं त्यांनाच दटावलं होतं. मग दोन आठवड्यांपूर्वी तोच गुडघा टरटरून सुजला.

हाडांचे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, सांधा उघडावा लागेल, कदाचित धातू काढावा लागेल. दादाने नकाराची मान हलवली होती. धातू काढला की महिनोन् महिने पाय सरळ बांधून पडायचं, मग जमलं तर दुसरा सांधा, आणि तरी तो किती वाकेल याची खात्री नाही. डाव्या पायाने क्लच दाबता आला नाही तर ड्रायव्हर कसला? तिसऱ्या दिवशी तिचा रिपोर्ट आला. तिने स्वतः फोन केला होता. "दादा, औषध एक नंबर लागू आहे. दुसऱ्याच नळीला सगळे खलास." दादाने तो फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या वॉर्डाला ऐकवला. तेव्हापासून डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला की तो एकच वाक्य बोलायचा, "माझी बहीण आत बसून मोजते. ती म्हणते औषधाने भागेल." डॉक्टरही रिपोर्ट बघायचे, तापाचा तक्ता बघायचे, आणि म्हणायचे, बरं, अजून दोन दिवस बघू. दोन दिवसांचे अकरा झाले.

ती वॉर्डात शिरली तेव्हा सकाळचे अकरा वाजायला आले होते. दादाची खाट खिडकीपाशी. गुडघ्याखाली दोन उशा, अंगावर हनुवटीपर्यंत चादर. वहिनी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती.

"आली, आली, मोठ्या साहेब आल्या!" दादा म्हणाला. "आज लवकर? हजेरी घ्यायला आलीस की सुट्टी द्यायला?"

"दादा, मला बोलायचंय."

"अगं बोल की. तुझ्यासाठी काय अर्ज करू?"

"थट्टा नको. ऐक."

वहिनीचे हात थांबले. नणंदेचा हा आवाज तिने सासऱ्यांच्या आजारपणात एकदाच ऐकला होता.

तिने सगळं सांगितलं. सरळ, एकामागून एक, लॅबमध्ये सांगावं तसं. पाच लाख, पाच कोटी, वीस कोटी, आठ नळ्या. मधे थांबली असती तर पुढचं वाक्य तोंडातून निघालं नसतं, म्हणून थांबली नाही. शेवटी म्हणाली, "रिपोर्ट खोटा नव्हता. पण तुझ्या गुडघ्यात जे चाललंय त्याचा तो नव्हताच. मी तुला जे सांगितलं ते... ते तुला लागू नव्हतं."

दादा तिच्याकडे नुसता बघत राहिला. तोंड किंचित उघडं, पुढचा विनोद तयार होता होता मधेच अडकल्यासारखं.

"थांब, थांब," तो म्हणाला. "माझ्या भाषेत सांग. बसमध्ये पाच बिनतिकिटे चढले, तपासनीस आला, त्याने पाचही जणांना कान धरून उतरवलं. बरोबर?"

"बरोबर."

"आता बस खच्चून भरली आहे. दाराला लोंबकळलेत. सगळे बिनतिकिटे. तोच तपासनीस चढला."

"आणि प्रत्येकाने त्याच्या हातातल्या पावतीपुस्तकाचं एकेक पान फाडलं."

"म्हणजे तो पोचेपर्यंत..."

"हातात नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर."

दादाने डोळे मिटले. "आणि तुझ्या नळीत तू पाचच जण चढवले होतेस."

"हो."

"तू!" वहिनी ताडकन उठली. मोसंब्याची फोड खाली पडली. "तू सांगितलंस म्हणून हे गप्प पडून राहिले! मी रोज म्हणत होते, अहो डॉक्टरांचं ऐका. तर म्हणे, तुला काय कळतं, ती शिकलेली आहे. अकरा दिवस! अकरा दिवस मी या माणसाचा पाय बघतेय आणि तू आत बसून पाण्यात रेघा मोजतेस?"

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने रेडिओ बंद केला.  वहिनी म्हणत होती ते सगळं खरं होतं. खाली पडलेली फोड उचलावी म्हणून मोजपट्टी वाकली, आणि तोल जाऊ नये म्हणून तिने दादाचा चादरीबाहेर आलेला हात धरला.

हात तापलेल्या तव्यासारखा होता.

ती तशीच वाकलेली राहिली. मग खाटेच्या पायाशी लटकणारा तक्ता तिने उचलला. सकाळी सहा: अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. दुपारी दोन: नव्व्याण्णव. रात्री दहा: नव्व्याण्णव. दोन आठवड्यांची एक सपाट रेघ, नव्व्याण्णवच्या आसपास, कुठेही टेकाड नाही. हीच रेघ बघून डॉक्टर थांबले होते. हीच बघून तीही रोज संध्याकाळी निर्धास्त घरी गेली होती. माणसाच्या अंगातला ताप इतका आखीव नसतो, हे मोजमापात आयुष्य घालवलेल्या बाईच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"थर्मामीटर कुठे आहे?" तिने विचारलं.

"अगं, सकाळीच बघितलाय नर्सने," दादा घाईने म्हणाला. "आता दोनला बघतील."

"दादा, तोंड उघड."

"हे बघ, तू काही नर्स नाहीस..."

"तोंड उघड म्हणते ना."

मोठ्या भावाशी ती अशी कधीच बोलली नव्हती. त्याने तोंड उघडलं. दोन मिनिटं तिने घड्याळावर मोजली. तिने थर्मामीटर काढला, उजेडात तिरपा धरला, पुसला, झटकला आणि पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला.

"एकशे तीन."

वहिनी मटकन स्टुलावर बसली. तिचा सगळा राग क्षणात कुठे गेला कळलं नाही. तिने पर्सची चेन उघडली, आतून तापाच्या गोळ्यांची तीन पाकिटं काढली, दोन रिकामी आणि एक अर्धी, आणि काही न बोलता ती चादरीवर नणंदेसमोर ठेवली.

"हे काय?"

"साडेचारला एक. साडेबाराला एक. साडेआठला एक," वहिनी म्हणाली. "नर्स यायच्या आधी. मीच आणून देत होते. हे म्हणाले, औषध लागू पडतंय असं तुझी नणंद सांगते, हा ताप नुसता जाता जाता शेपूट हलवतोय. तक्त्यावर दिसला की डॉक्टर उगाच चाकू घेऊन धावत येतील. मी... मला वाटलं, तू म्हणतेस म्हणजे..." तिने पदराने तोंड झाकलं.

मोजपट्टीने पाकिटं एकेक करून उलटून पाहिली. तिने आपल्या रिपोर्टच्या खालच्या ओळीवर भरवसा ठेवला होता आणि तक्ता बघून तो आणखी पक्का केला होता. दादाने तिच्या शब्दावर भरवसा ठेवून तक्ता सपाट केला होता. डॉक्टर या दोन्ही कागदांकडे बघून थांबले होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध, दोन उशांवर, गुडघ्यात वीस-वीस कोटींचे थवे कुणाचाही अडथळा न होता वाढत होते.

"दादा, का?" तिला एवढंच विचारता आलं.

"का म्हणजे?" तो छताकडे बघत होता. आवाजातली मस्करी पार आटली होती. "पुढच्या महिन्यात ड्रायव्हरांची तपासणी आहे. पाय बांधून पडलो की गाडी दुसऱ्याला देणार. मग मी काय करू? घरात बसून माशा मारू? एकोणीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही गं. मला दुसरं काही येत नाही."

"आणि दुखत नव्हतं?"

"चार रात्री डोळ्याला डोळा नाही," वहिनी पदराआडून म्हणाली.

"तू गप्प बस."

"आता नाही बसायची. पुरे झालं तुमचं."

हाडांचे डॉक्टर आत आले ते जवळजवळ धावतच. मॅडमचा फोन पोचला होता हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तरणेच होते; एरवी शीळ घालत राउंड घ्यायचे. त्यांनी आधी चादर बाजूला केली, गुडघ्यावर हात ठेवला, मग चादरीवरची पाकिटं पाहिली आणि मग तिच्या हातातला थर्मामीटर. कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांचा हात गुडघ्यावरच राहिला.

"रोज तीनदा?" त्यांनी विचारलं.

दादाने मान डोलावली.

डॉक्टरांनी एक दीर्घ श्वास घेतला. ओरडतील असं वाटत होतं, पण ते खाटेच्या कडेवर बसले. "मीही रोज तो तक्ता बघत होतो," ते म्हणाले. "गुडघा माझ्या डोळ्यांसमोर सुजत होता आणि मी कागद बघत होतो."

"डॉक्टर, औषध बदलता येईल ना?" वहिनीने विचारलं. "या जंतूंना तोडता येणार नाही असं काही?"

"येईल. आत्ताच बदलतो. ते बाकीच्या शरीराला वाचवायला लागणारच आहे." त्यांनी मोजपट्टीकडे पाहिलं. "पण त्या धातूच्या भोवती एवढी गर्दी आहे, की..."

"की नवं औषधही एकट्याने पुरेल असं नाही," तिने वाक्य पूर्ण केलं. "आधी संख्या कमी करावी लागेल. धातूला थर चिकटलाय, तो धुऊन निघत नाही. गर्दी असेपर्यंत औषध लढतं ते फक्त कडेच्यांशी."

"आणि थांबलो तर?" दादाने विचारलं.

"तर एखाद्या दिवशी हे जंतू रक्तात उतरतील," डॉक्टर म्हणाले. "कदाचित आजच उतरलेत. एकशे तीन उगाच नसतो. मग आपण पायाबद्दल बोलत नसू."

खिडकीखालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. दादाचा डावा पाय त्या आवाजाबरोबर चादरीखाली किंचित हलला, आणि वेदनेने त्याचा ओठ दातांखाली गेला.

"छोटे," तो म्हणाला. घरातलं तिचं हे नाव तो चारचौघांत कधी वापरत नसे. "तू सांग. धातू काढला, मग नवा बसवला, तर मी क्लच दाबू शकेन?"

तिला काहीतरी आकडा सांगावासा वाटला. शंभरातले अमुक, इतके महिने, इतके अंश. लहानपणापासून दादाने तिला गणित विचारावं आणि तिने उत्तर द्यावं, असंच चालत आलं होतं. त्याने ते कधी पडताळून पाहिलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दादाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून हे दोन शब्द त्याने पूर्वी ऐकले नव्हते.

"माहीत नाही दादा. डॉक्टरांनाही माहीत नाही. मी उगाच हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी अकरा दिवसांपूर्वी तुला जे सांगितलं त्याच्या आधारावर तू आता एक तासही थांबायचं नाहीस. तो शब्द मी परत घेतला. माझ्या नावावर आता काही ढकलू नकोस."

"म्हणजे माझं मीच ठरवायचं."

"हो."

"तुझ्या आडून नाही."

"नाही."

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. वहिनीने त्याचा हात धरला होता; तो त्याने सोडवून घेतला, मग पुन्हा तिच्या हातात दिला. शेजारच्या म्हाताऱ्याने रेडिओच्या बटणावर ठेवलेलं बोट तिथेच होतं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं नाही. मोजपट्टी उभी होती, दोन्ही हात कोटाच्या खिशात घट्ट मुठी करून, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती काहीही मोजत नव्हती.

दादा कोपरांवर रेलून थोडा उठला. गुडघ्याकडे त्याने एकदा नीट बघून घेतलं; पंधरा दिवसांत त्याला ते धाडस झालंच नव्हतं. कातडी ताणून चकाकत होती, लालभडक, कडेला निळसर.

"डॉक्टर," तो म्हणाला. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "डॉक्टर, काढा. आतलं सगळं लोखंड काढून टाका. आजच."